ओढ्यात ओतलेलं पीप

धुरपदाबाईचा राग गावाला नवा नव्हता. एकदा तिनं स्वतःच्या बैलाशी चार दिवस अबोला धरला होता. पाचव्या दिवशी बैलानंच येऊन तिचा पदर चावला, तेव्हा कुठं मिटलं. पण अठ्ठ्याऐंशीच्या आषाढात तिला जो राग आला तो तसला नव्हता. आठ दिवस झाले तरी तो तोंडावाटे बाहेर पडत नव्हता. धुरपदाबाई गप्प आहे म्हणल्यावर गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून अंग चोरून जायला लागली.

रागाचं कारण होतं एक पीप.

सागवानी, गुडघ्याच्या वर येईल एवढं, तीन लोखंडी पट्ट्या मारलेलं. चारठाण्याच्या वैद्यबुवांनी चाळीस वर्षं त्यात द्राक्षासव मुरवलं होतं. काळे मनुके, गूळ, धायटीची फुलं, लवंग, दालचिनी, आणि बुवांनी कोणाला सांगितलं नाही असं अजून काहीतरी. आसपासच्या दहा गावांत बाई बाळंत झाली की वैद्यबुवांची बाटली आलीच. धुरपदाबाईचा नवरा मुंजाजी बुवांकडं औषधं कुटायला होता. बुवांनी म्हातारपणी पसारा आवरला, तेव्हा पीप मुंजाजीला देऊन टाकलं. पुढं बुवा गेले, मुंजाजी गेला. पीप राहिलं आणि धुरपदाबाई राहिली.

दोन एकर कोरडवाहू, दिवाळी झाली की ऊसतोडीला, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. परत आली की जिंतूरच्या डोंगरातून मोहाची फुलं आणायची, वाळवायची, भिजत घालायची आणि वर्षातून एकदाच भट्टी लावायची. लवकर आंबावं म्हणून बाकीचे घालतात त्या नवसागराचं नाव तिच्यापुढं काढायची सोय नव्हती. नवसागर घातला की ती दारू न्हाई, गुरांचा डोस हाय, असं तिचं म्हणणं. भट्टीतून पहिली जी धार उतरते तेवढीच घ्यायची, काडी लावली तर निळी जळली पाहिजे आणि जळून वाटीत पाण्याचा थेंब राहता कामा नये. ती धार पीपात भरायची, तोंडाला चिखल लिंपायचा आणि पुढच्या आषाढापर्यंत विसरून जायचं.

दुसऱ्यांची दारू पाण्यासारखी पांढरी. धुरपदाबाईची पीपातून निघायची ती कडक चहासारखी लालबुंद.

आणि ती निघायची एकाच दिवशी. आषाढातल्या शेवटच्या मंगळवारी पहिली वाटी मरीआईला. मग गावात ज्याला पाहिजे त्याला एकेक घोट. देवीच्या आधी कोणी जिभेला लावायची नाही. सरपंचानं नाही, पुजाऱ्यानं नाही, खुद्द धुरपदाबाईनंही नाही. बावीस वर्षं झाली, बाईनं पीपाचं बूच काढून बोट चाटलेलंसुद्धा कोणी पाहिलं नव्हतं. हा मान तिच्या घराचा. दोन एकरांत तिला दुसरं मिरवण्यासारखं होतं तरी काय?

आता या मानात किशनरावाचा पाय कसा पडला, ते सांगायला पाहिजे.

किशनराव म्हणजे गावातलं बडं खटलं. साठ एकर, त्यातली वीस ओलिताची. त्याच्या साडूचा पोरगा वैजीनाथ अमेरिकेत इंजिनेर. दोन वर्षांमागं तो आला होता तेव्हा त्यानं किशनरावाला एक विलायती बाटली दिली. बाटली चौकोनी, चिठ्ठीवर सोनेरी अक्षरं. देताना म्हणाला होता, काका, ही लय जपून केलेली हाय, पुढच्या बारीला मी आलो की दोघं मिळून फोडू. किशनरावानं छातीवर हात ठेवून कबूल केलं. वैजीनाथाला घेऊन मोटार वेशीबाहेर पडली, आणि चौथ्या दिवशी बाटलीचा तळ दिसला.

रिकामी बाटली काचेच्या कपाटात ठेवली तर अब्रू जाते. म्हणून किशनरावानं तिच्यात चहाचं कोरं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, वरनं लाख लावली आणि कपाटात देव मांडावा तशी मांडली. आल्यागेल्याला दाखवायचा. हात लावू द्यायचा नाही. कपाट पुसणाऱ्या सुलाबाईनं मात्र एकदा बाटली हलवली तर आत चहापत्तीचा चुरा गरगर फिरला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं. गावाला माहीत आहे हे एकट्या किशनरावाला माहीत नव्हतं.

आषाढ लागला आणि वैजीनाथाचं पत्र आलं, येतोय म्हणून. किशनरावाला घाम फुटला. परभणीच्या दुकानातली दारू आणून बघितली. अमेरिकेत राहिलेल्या माणसाला ती वासावरूनच कळली असती. तशी लाल, तशी जोरदार, तशी गोडसर मुरलेली चीज पंचक्रोशीत एकाच पीपात होती. तो धुरपदाबाईच्या दारात गेला. स्वतः गेला, हे त्याच्या मते लय झालं. एक बाटली दे म्हणाला.

धुरपदाबाई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "मंगळवारी या, मरीआईच्या मागून," म्हणाली. "देवीच्या आधी किशनराव न्हाई."

एवढंच. पण दारात बाया होत्या, त्या हसल्या.

त्या आठवड्यात जिंतूरला नामांतराचा मोर्चा निघणार होता म्हणून पोलिसाची गाडी गावोगाव फिरत होती. गावात कोणी कोणाला काही केलं नव्हतं. तरी गाडी आली, किशनरावाच्या ओसरीवर चहा प्याली. सुग्रीव जमादार म्हणाला, हितं तर सगळं ठंडं हाय. किशनराव म्हणाला, मग रिकाम्या हातानं कशाला जायलाव.

अर्ध्या तासात धुरपदाबाईच्या अंगणात भट्टीच्या मडक्यांची खापरं पडली होती. पीप गाडीत मावेना, तर किशनरावाची बैलगाडी हजर. जशी काय वाटच बघत होती. जमादारानं कागद लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. एक लाकडी पीप, अंदाजे चाळीस लिटर हातभट्टीची दारू, दोन पंचांसमक्ष गावच्या ओढ्यात ओतून नाश केला. पंच एक किशनराव, त्याचं दस्तखत. पंच दोन किशनरावाचा सालगडी, त्याचा अंगठा. खाली आरोपी म्हणून धुरपदाबाईचा अंगठा. बैलगाडी ओढ्याकडं निघण्याआधीच कागदावर दारू ओतून झाली होती.

दिवस मावळायला धुरपदाबाई ओढ्यावर गेली. वाळू मुठीत घेऊन हुंगली. वरची हुंगली, खालची हुंगली, काठावरचा लव्हाळा चुरगाळून हुंगला. चाळीस लिटर पहिली धार जिथं पडली तिथं चार दिवस म्हशी पाणी पिणार नाहीत. वाळूला वाळूचाच वास होता.

तिला वाटलं, जमादारानं नेली. तिनं जमादाराच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरल्या आणि तोंड मिटून घेतलं. असे आठ दिवस गेले, शेवटचा मंगळवार दोन दिवसांवर आला. मरीआईपुढं काय घेऊन जायचं?

आणि रविवारी सकाळी किशनरावाचा सांगावा आला. पाव्हणे येणार आहेत, मटण धुरपदाबाईच्या हातचं पाहिजे.

माणसाच्या निलाजरेपणाला काही हद्द? धुरपदाबाईनं सांगावा आणणाऱ्या सुलाबाईला असं काही ऐकवलं की सुलाबाईनं पदर कानाला लावला. मग सुलाबाई हळूच म्हणाली, किशनरावनं न्हाई, थोरल्या बाईनं बोलिवलंय. थोरली बाई म्हणजे किशनरावाची आई दगडाबाई. ऐंशीची, डोळ्यांनी अधू, जिभेनं नाही. धुरपदाबाईच्या पहिल्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसली होती ती. तिचा शब्द मोडणं धुरपदाबाईला जमलं नाही. गेली. पण अशी गेली की वाटेत कोणी रामराम घातला नाही.

परसात चूल मांडली. गोवऱ्या आणायला कडब्याच्या खोपटात गेली तर पायाखाली मुंगळ्यांची रांग. काळे, मोठे, गुळावर येतात तसले. रांग कडब्याच्या पेंढ्यांखाली शिरत होती. कडब्यात मुंगळ्याला काय ठेवलंय, एवढं तिच्या मनात आलं. पण रागाच्या माणसाला मुंगळ्यांचा हिशेब करायला फुरसत नसते. गोवऱ्या घेतल्या आणि मटण फोडणीला टाकलं. कांदासुद्धा तिनं त्या दिवशी असा कापला की विळीला दया यावी.

दुपारी ओसरीवर बैठक बसली. वैजीनाथ, किशनराव, आणि बंदोबस्ताच्या नावाखाली सुग्रीव जमादार. दगडाबाई खांबाला टेकून. किशनरावानं कपाट उघडलं, बाटली दोन्ही हातांवर घेऊन आला, लाख दाखवली. तुझ्याबिगर हात लावला न्हाई बाबा, म्हणाला. वैजीनाथाला गहिवरून आलं. परदेशात राहिलेल्या माणसाला लवकर गहिवरून येतं.

मग तो जमादाराला समजावून सांगायला लागला. परसात सगळं ऐकू येत होतं. ही मक्याची दारू. लाकडाची पिपं आतून जाळून काळी करतात, त्यात चार-पाच वर्षं ठेवतात. पण ह्या बाटलीची मजा निराळीच. त्यानंतर हिला सहा महिने दुसऱ्या पिपात घालतात, ज्याच्यात आधी गोड द्राक्षाची कडक वाईन मुरवलेली असती. त्या लाकडात जी द्राक्षं भिनलेली असत्यात ती हिच्यात उतरत्यात. मोठ्या कारखान्याचा माल न्हाई हा, एक म्हातारा घरच्या घरी करतो, वर्षाला थोड्याच बाटल्या. आणि पाणी घालत न्हाई. जोर दुपटीच्या वर.

मटण हलवता हलवता धुरपदाबाईचा डाव थांबला. तिथंबी कोणीतरी हाय मनायचं, तिला वाटलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला त्या न बघितलेल्या म्हाताऱ्याबद्दल जरा बरं वाटलं. त्याच्या घरी कोणी जमादार येत नसेल.

तिघांचे पेले भरले. वैजीनाथानं पेला उजेडात धरला, फिरवला, नाक आत घातलं. एक घोट तोंडात इकडून तिकडं घोळवला आणि डोळे मिटले. म्हणाला, आधी काकवी. मग मनुका. मग लवंग, आणि शेवटाला दालचिनी. पुन्हा घोट घेतला आणि म्हणाला की तिकडं प्यालो होतो त्याच्यापेक्षा ही लय भारी लागायलीय, काका. किशनराव म्हणाला, आपली हवा मानवली तिला.

दगडाबाईला खोकल्याची उबळ आली. वैजीनाथानं चमच्यात थोडी ओतली. आजी, औषधच समजा, म्हणाला. म्हातारीनं चमचा चाटला. जीभ टाळूला लावून बसली. मग तिच्या तोंडावरच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हलल्या.

"आरं, हे तर वैद्यबुवाचं," ती म्हणाली. "तुझ्या बाळंतपणात चाळीस दिस प्याले मी हे, किशन्या. धुरपे, ये गं हिकडं. तुझ्याच नवऱ्यानं आणून दिलं हुतं का न्हाई?"

किशनरावानं म्हातारीचं डोकं फिरलंय अशी खूण केली. पण वैजीनाथ हसत होता. त्याला ही मोठी गंमत वाटली. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यानं केलेली दारू आजीला गावच्या वैद्याची वाटते. धुरपदाबाई डाव हातात घेऊन ओसरीच्या पायरीशी आली होती. त्यानं तिच्यापुढं पेला धरला. घ्या मावशी, तुमी सांगा, म्हणाला.

किशनराव म्हणाला, "तिला कशाला. तिला काय कळतंय त्यातलं."

हे तो बोलला नसता तर धुरपदाबाईनं पेला घेतला नसता.

तिनं घेतला. वास घेतला. बुवांचाच वास, पण पाव्हणा म्हणालाच होता की द्राक्षाचं पीप असतं म्हणून. असेल. तिनं जिभेवर थेंबभर घेतली. मग घोटभर.

मका कुठंच नव्हता. होता तो मोह. जिंतूरच्या डोंगरातला, पहाटे दव सुकायच्या आत वेचलेला, तिच्या अंगणात वाळलेला. त्याच्यावर बुवांचे मनुके आले, बुवांची धायटी आली, आणि बुवांनी कोणाला सांगितलं नाही ते आलं. बावीस वर्षं ती ज्याची पहिली वाटी दगडाच्या देवीपुढं ओतत आली, ते. आज आषाढातला रविवार होता. मंगळवार अजून यायचा होता. आणि ते तिच्या जिभेवर होतं.

देवीच्या आधी.

राग पायाच्या अंगठ्यातून निघाला आणि टाळूपर्यंत गेला. मडकी फुटली तेव्हा नव्हता आला असा. कागदावर अंगठा दिला तेव्हाही नाही. ह्या माणसानं तिचा माल चोरला ते एक झालं. पण त्यानं तिलाच उष्टावायला लावलं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या तोंडानं.

आणि घोट खाली उतरला तेव्हा मागं एक चव राहिली. तुरट, शिळी. तिला आधी उमगेना. मग उमगली.

चहा.

लेकाच्यानं बाटली धुतलीसुद्धा नव्हती.

धुरपदाबाईनं ओसरीवरचा चमचा घेतला, पेल्यातली दारू त्यात ओतली, चुलीतलं जळतं चिपाड आणलं आणि चमच्याला लावलं. निळी ज्योत उठली. वैजीनाथानं वाहवा केली. ज्योत नाचली, बारीक झाली, विझली. चमच्यात पाणी उरलं होतं. बोटाचं टोक भिजेल एवढं. त्या पाण्यात चहापत्तीचे दोन कण पोहत होते.

तिनं चमचा जमादाराच्या नाकाखाली नेला. किशनराव उभा राहिला. धुरपदे, मटण जळायलंय, म्हणाला.

"जळू द्या," ती म्हणाली.

जमादार मुरलेला गडी. त्याला प्रकरण कळायला उशीर लागला नाही. कारण पीप किशनरावाच्या बैलगाडीत त्यानंच चढवलं होतं, आणि गाडी ओढ्याला न जाता कुठं वळली तेही त्यानंच मुद्दाम बघितलं नव्हतं. तो सावकाश म्हणाला, बाई, ही तुजी दारू हाय असं तुजं म्हणणं हाय का? बोल, पाव्हण्यासमोर बोल. मग मला लिवावं लागंल.

जमादारानं डाव बरोबर टाकला होता. हो म्हणाली की गुन्हा कबूल. किशनरावाच्या मिशीत जरा जीव आला.

धुरपदाबाई पायरी चढून वर आली. ओसरीवर ती कधी चढत नसे.

"माजी कशी आसंल, जमादार? माजी तर ओढ्यात गेली. तुमीच वाचून दाखिवलं. दोन पंचासमक्ष नाश केला, खाली किशनरावचं दस्तखत हाय. माजी न्हाई ही. ही किशनरावची हाय."

जमादाराची नजर किशनरावाकडं गेली.

"आन् किशनरावच्या घरात हातभट्टीची दारू सापडलीय," ती म्हणाली. "तुमच्या हातातच पेला हाय. लिवा."

जमादारानं पेला खाली ठेवला. असा ठेवला, जसा काय तो त्याचा नव्हताच. वैजीनाथ एकदा बाटलीकडं बघायचा, एकदा काकाकडं. मग त्यानं बाटली उचलून हलवली. आत चहापत्तीचा चुरा गरगर फिरला.

"काका," त्यानं विचारलं, "मी दिलेली कव्हा संपली?"

उत्तर दगडाबाईनं दिलं. चौथ्या दिवशीच, म्हणाली. तिलाही माहीत होतं.

पुढचं धुरपदाबाईनं खालच्या आवाजात सांगितलं. वरच्या आवाजातली धुरपदाबाई गावाला माहीत होती. खालच्या आवाजातली कोणी ऐकली नव्हती. ती म्हणाली, दोन रस्ते हायत. कागद खोटा मनून मी जिंतूरला जाते, पाव्हण्याला गवाहीला नेते, आन् ओढ्याची वाळू बी नेते हुंगायला. न्हाईतर कागद खरा करा. पीप कडब्याच्या खोपटात हाय, मुंगळ्यायला माहीत हाय. काढा भाईर. ज्याचं दस्तखत हाय त्यानं उचलायचं.

किशनराव म्हणाला, सालगडी उचलंल. ती म्हणाली, त्याचा नुसता अंगठा हाय.

तर असं झालं की रविवारी भर दुपारी, गाव जेवून पारावर बसलेलं असताना, साठ एकराचा धनी इस्त्रीचं धोतर नेसून, खांद्यावर सागवानी पीप घेऊन वेशीतून ओढ्याकडं निघाला. मागं जमादार टोपी काखेत मारून. त्याच्यामागं अमेरिकेचा इंजिनेर. आणि सगळ्यांच्या मागं हातात डाव घेतलेली धुरपदाबाई. गाव नुसतं उठून मागं चालायला लागलं. किशनरावाच्या मानेवर मुंगळे चढले होते, पण दोन्ही हात पीपाला. त्याला ते झटकता येईनात आणि धुरपदाबाईला ते झटकावेसे वाटेनात.

ओढ्यावर वैजीनाथ तिच्याजवळ आला. मावशी, असली चीज ओतू नका, म्हणाला. मी दुनियेत कुठं अशी प्यालो न्हाई. जरा तरी ठिवा.

खरं तर ह्या एका वाक्यासाठी माणूस बावीस वर्षं भट्टी लावतो. धुरपदाबाईनं पीपावरनं एकदा हात फिरवला.

"उष्टी झाली, बाबा," ती म्हणाली. "माज्याच तोंडानं झाली."

आणि किशनरावाला म्हणाली, ओता.

बूच निघालं. लाल धार ओढ्याच्या पाण्यात पडली आणि काकवीचा, मनुक्याचा, लवंगेचा वास सगळ्या काठावर पसरला. म्हाताऱ्या बायांना आपापली बाळंतपणं आठवली. चार दारुडे डोळे पुसत होते. पीप रिकामं व्हायला लय वेळ लागला. तेवढा वेळ किशनराव वाकून उभा होता, आणि तेवढा वेळ धुरपदाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, ओढ्याकडं नाही. शेवटचा थेंब पडला तेव्हा ती म्हणाली, आता झाला तुमचा कागद खरा. ओढ्याच्या खालच्या अंगाला चार दिवस एका म्हशीनं पाण्याला तोंड लावलं नाही.

तो कागद जिंतूरला पोचलाच नाही, असं पुढं कळलं. वैजीनाथ संध्याकाळच्या एसटीनं गेला. मोटार किशनरावाची होती, तीत तो बसला नाही.

मंगळवारी मरीआईपुढं सगळं गाव जमलं. पुजाऱ्यानं वाटी पुढं केली. धुरपदाबाईनं डोक्यावरून रिकामं पीप उतरवलं, बूच काढलं आणि पीपाचं तोंड देवीच्या तोंडाशी धरलं. आत नुसता वास होता. किशनराव मागच्या रांगेत, खांबाआड उभा होता. नसता आला तर गावानं नाव ठेवलं असतं, म्हणून आलेला.

"यंदा वासावर भागीव, आई," धुरपदाबाई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "दारू कुठं गेली ते किशनरावला इचार. दस्तखत त्याचं हाय."